मीठ आहे, पण माणूस कागदावर नाही

खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने काढली तो मीठ खाणारा होता की पिकवणारा, हे सांगता येत नाही. पण गावगाड्यात ती कुणी कुणाला ऐकवली, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पक्के ठाऊक आहे. वाड्यावर सांगितलेले काम निमूट करावे, मोबदला मागू नये, वर तोंड करून बोलू नये, यासाठी ‘आमचे मीठ खाता’ ही आठवण करून दिली जाई. जणू काही मीठ त्या वाड्याच्या परसातच पिकत होते! खरा मीठ पिकवणारा दूर कुठेतरी खाऱ्या चिखलात घोटाभर बुडून उभा होता. त्याचे नाव वाड्यालाही माहीत नव्हते आणि वाड्यावर राबणाऱ्यालाही माहीत नव्हते.

आज वाडे पडले. मीठ प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरी येते. पिशवीवर कंपनीचे नाव असते, वजन असते, किंमत असते, आयोडीन असल्याची खूण असते. पिकवणाऱ्याचा मात्र कुठे मागमूस नसतो. एका परीने ते साहजिक आहे, कारण पिशवीवर तर सोडाच, ज्या जमिनीवर तो राबतो त्या जमिनीच्या दप्तरातही त्याचे नाव नसते. आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागदावर नाव असणे म्हणजे काय आणि नसणे म्हणजे काय, हे आम्ही रोज टेबलावर पाहतो. म्हणून या वेळी आम्ही मिठाचा विषय कागदाच्या बाजूने मांडायचे ठरवले आहे.

आगर, आगरी आणि अगरिया

मुंबईच्या वाचकांना मिठागर दाखवायला लांब न्यायला नको. भाईंदरच्या आसपास लोकलच्या खिडकीतून किंवा मुलुंड, भांडुप, कांजूरकडून जाताना सपाट चौकोनी वाफे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. मीठ पिकते ती जागा म्हणजे आगर. ठाणे-रायगडचा आगरी समाज आपले नाव या आगरावरूनच सांगतो. आणि गुजरातेत मीठ पिकवणाऱ्याला म्हणतात अगरिया. शब्द एकच, मेहनतही एकच.

आपल्या देशातले तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातेत तयार होते. तेव्हा आपल्या डब्यातले मीठ बहुधा तिकडूनच आलेले असणार. त्यातले काही समुद्राच्या पाण्याचे, तर काही कच्छच्या छोट्या रणातले. हे छोटे रण म्हणजे सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचा सपाट, भेगाळलेला, खारट प्रदेश. झाड नाही, सावली नाही. कच्छ, मोरबी, सुरेंद्रनगर, पाटण या जिल्ह्यांच्या कडा त्याला येऊन मिळतात. इंग्रज अमदानीत खाराघोडा या गावी सरकारी मिठाचे केंद्र उभे राहिले, रेल्वे आली, आणि रणातले मीठ देशभर जाऊ लागले. त्या आधीपासून पिढ्यान्‌पिढ्या तिथे मीठ पिकवणारी माणसे आहेत. चुंवाळिया कोळी, मियाणा, सांधी अशा समाजांतली ती हजारो कुटुंबे आहेत, त्यांत हिंदू आहेत तसे मुसलमानही आहेत.

पावसाळ्यात या रणात पाणी भरते. पाऊस संपून पाणी ओसरले की, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, ही कुटुंबे बायकापोरांसह, भांडीकुंडी, पिठाचे डबे आणि पंप घेऊन रणात उतरतात. कापडाची किंवा गोणपाटाची झोपडी बांधतात. समुद्र तिथून दूर आहे. पण जमिनीखालचे पाणी समुद्राच्या पाण्याहून कित्येक पट खारट असते. विहीर किंवा बोअर खणून ते उपसायचे आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत उन्हात आटवायचे. वाफ्याची जमीन आधी घरातल्या सगळ्यांनी पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायची, नाहीतर पाणी मुरून जाते. मीठ धरू लागले की लाकडी दाताळ्याने रोज ते फिरवायचे, म्हणजे खडा मोठा होतो. या मोठ्या खड्याच्या मिठाला तिकडे ‘वडागरू’ म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये मीठ ओढून ढीग घालायचे, मग ते ट्रकने रणाबाहेर जाते. पुढच्या पावसाआधी कुटुंब गावी परतते. वर्षातले सात-आठ महिने असे जातात.

अंगावर उठलेले मीठ

या सात-आठ महिन्यांत माणसाच्या शरीराचे काय होते? खाऱ्या पाण्यात सतत उभे राहून पायांची कातडी जाड होते, फाटते, जखमा होतात, आणि त्यात मीठ जाऊन त्या भरत नाहीत. पांढऱ्याशुभ्र मिठावरून परतणारे ऊन डोळ्यांत जाते, नजर अधू होते. राजस्थानातल्या मीठ कामगारांच्या वैद्यकीय तपासण्यांतही डोळ्यांचे विकार, त्वचेचे विकार, डोकेदुखी या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आढळल्या. तिथल्या डॉक्टरांनी सुचवलेले उपाय काही फार मोठे नाहीत. गमबूट, हातमोजे, काळा चष्मा! मुंबईत एखादा अधिकारी साइटवर पाहणीला जातो तेव्हा त्याला एका तासासाठी जेवढे दिले जाते तेवढेच. पण ते देणार कोण? मालक असेल तर देईल. अगरियाला मालकच नाही, असे कागद म्हणतो. त्याकडे आम्ही पुढे येतोच.

रणातली एक गोष्ट ऐकून आमच्या अंगावर काटा आला. तिकडे सांगतात की अगरिया मेल्यावर चितेवर सारे शरीर जळते, पण पाय नीट जळत नाहीत. इतके मीठ त्यांत भिनलेले असते. मग ते वेगळे पुरावे लागतात. जन्मभर ज्या पायांनी वाफे तुडवले ते पाय मेल्यावरही मिठातून सुटत नाहीत. यावर आम्ही अधिक काय लिहावे?

पाणी पिण्याला मिळते ते टँकर येईल तेव्हा. चहूकडे पाणीच उपसायचे काम, पण पिण्याजोगे एक भांडे नाही! आंघोळ, कपडे, बाळंतिणीची स्वच्छता, सारे त्या टँकरच्या पाण्यावर. दवाखाना कित्येक किलोमीटरवर. आमच्या माता-भगिनींनी क्षणभर विचार करावा. नळाला एक दिवस पाणी आले नाही तर आपल्या चाळीत काय गोंधळ उडतो? तिथल्या बाईला हे आठ महिने करायचे असते, आणि वर वाफ्यातले काम पुरुषाच्या बरोबरीने. मुलांसाठी रणात तंबूतल्या शाळा चालवल्या गेल्या, अलीकडे एस.टी.च्या जुन्या बसगाड्यांत वर्ग भरवले जातात. हे चांगलेच आहे. पण घर सहा-सात महिने एका ठिकाणी आणि बाकीचे दिवस दुसऱ्या ठिकाणी असले की शाळेच्या हजेरीपटावर नाव टिकत नाही, हे आपल्याकडे ऊसतोड आणि वीटभट्टीच्या मुलांचे जे होते त्यावरून आपण जाणतोच.

एका घराचा हिशेब

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. तेव्हा हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. परवा वस्तीतल्या महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही तो फळ्यावर मांडला, तोच इथे देतो.

पाच माणसांचे घर. माणशी रोज ८ ग्रॅम मीठ धरू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ग्रॅमपेक्षा कमीच खावे, पण आपल्या लोणच्या-पापडाच्या जेवणात तेवढ्यावर भागत नाही. तर घराचे रोजचे ४० ग्रॅम, वर्षाचे १४ किलो ६०० ग्रॅम. पिशवी २५ रुपये किलोची धरली तर वर्षाचा खर्च ३६५ रुपये, म्हणजे दिवसाला बरोबर एक रुपया. आता अगरियाला काय मिळते? गेल्या काही वर्षांत त्याला टनामागे अडीचशे-तीनशे रुपयांच्या घरात भाव मिळत आला आहे. तीनशे धरा. एक टन म्हणजे हजार किलो, तेव्हा किलोला ३० पैसे. आपल्या घराच्या वर्षभराच्या मिठासाठी त्या कुटुंबाला मिळाले ४ रुपये ३८ पैसे. तीनशे पासष्ट रुपयांतले साडेचार रुपयेही नाहीत!

एका मावशींनी लगेच विचारले, “भाऊ, मग मधले पैसे गेले कुठे?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ द्यायला हवे. मधे ट्रक आहे, रेल्वे आहे, मीठ धुणे आहे, आयोडीन लावणे आहे, पिशवी आहे, घाऊक व्यापारी आहे, दुकानदार आहे, जाहिरात आहे. यातले काही खर्च खरेच आहेत आणि आयोडीन तर हवेच. पण मावशींनी दुसरा प्रश्न विचारला तो जास्त मोलाचा होता. “त्याला किलोला एक रुपया दिला तर आपल्याला किती पडेल?” आम्ही फळ्यावर गुणाकार केला. वर्षाला १० रुपये २२ पैसे जास्त. वर्षाला, महिन्याला नव्हे! एका घराला वर्षाकाठी दहा रुपये जास्त पडले तर मीठ पिकवणाऱ्याचे उत्पन्न तिपटीहून अधिक होते. मग हे का होत नाही?

कारण त्याला भाव मागता येत नाही. हंगामाच्या सुरुवातीला त्याच्या हाती पैसा नसतो. व्यापारी उचल देतो, त्यातून डिझेल, पंप, धान्य घेतले जाते, आणि उचल देतानाच मिठाचा भाव ठरतो. एप्रिलात बाजार चढला तरी त्याला ठरलेलाच भाव. अवकाळी पाऊस आला, कालव्याचे जादा पाणी रणात शिरले आणि पिकलेले मीठ विरघळून गेले, तर नुकसान त्याचे. उचल मात्र डोक्यावर तशीच राहते. वर्षानुवर्षे या उचलीचा मोठा भाग डिझेलमध्येच जळत होता. अलीकडे सरकारने मोठे अनुदान देऊन सौर पंप दिले, त्यामुळे पुष्कळ कुटुंबांचा डिझेलचा खर्च खूपच घटला. चांगले काम झाले की ते चांगले म्हणावे. यावरून एवढे तर सिद्ध झाले की हे दुःख नशिबाचे नव्हते, खर्चाच्या एका रकान्याचे होते. रकाना बदलला, माणसाला श्वास घ्यायला जागा मिळाली.

तरीही बँक त्याला दारात उभे करीत नाही. तारण काय? सात-बारा कुठे आहे? इथे आपण मूळ मुद्द्यावर येतो.

सर्व्हे नंबर शून्य

छोट्या रणाची कधी रीतसर मोजणीच झाली नाही. त्यामुळे महसुली भाषेत हा सारा प्रदेश ‘सर्व्हे नंबर शून्य’ म्हणून ओळखला जातो. पाच हजार चौरस किलोमीटर जमीन आणि तिचा नंबर शून्य! ज्या जमिनीलाच नंबर नाही, तिच्यावर राबणाऱ्याच्या नावाने उतारा कसा निघणार?

आता सरकारी खात्यांची गंमत पाहा. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात मीठ हा विषय केंद्राच्या यादीत, ५८ व्या क्रमांकावर आहे. म्हणजे मिठाचे खाते केंद्राचे. जमीन हा विषय राज्याचा, म्हणजे भाडेपट्टा महसूल खात्याचा. आणि १९७३ साली हे रण रानगाढवांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले, म्हणजे प्रवेश वनखात्याच्या हाती. तीन खाती, तीन दारे. अगरिया एका दारात गेला की तिथला माणूस दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो. ज्यांनी कुठल्याही सरकारी कचेरीत फेऱ्या मारल्या आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

१९४८ साली केंद्र सरकारने ठरवले की दहा एकरांपर्यंत मीठ पिकवणाऱ्याला परवाना लागणार नाही. गरिबाला सवलत म्हणून हे झाले आणि तो हेतू चांगलाच होता. पण परिणाम पाहा. परवाना नाही म्हणजे कागद नाही. कागद नाही म्हणजे तू इथे होतास याचा पुरावा नाही! अभयारण्याचे हक्क ठरवण्याचे काम पुढे सुरू झाले तेव्हा नेमका हाच पुरावा मागितला गेला. २००६ साली रण सोडण्याच्या नोटिसा निघाल्या. २०२३ साली हक्कांच्या यादीत ज्यांची नावे नाहीत त्यांना रणात उतरण्यास मज्जाव करण्याचा प्रश्न उभा राहिला. मोठी ओरड झाली, तेव्हा दहा एकरांपर्यंत परंपरेने मीठ पिकवणाऱ्यांना जाऊ देण्याची घोषणा सरकारला करावी लागली. घोषणेने हंगाम निघाला. पण घोषणा म्हणजे हक्क नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यात हंगामी वापराचा सामुदायिक हक्क मागता येतो, परंतु आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. ज्याला कागद लागणार नाही असे पाऊणशे वर्षांपूर्वी सांगितले, त्याच्याकडेच आता पाऊणशे वर्षांचा कागद मागायचा!

इथे आम्हाला आपल्या भाईंदरची आठवण वाचकांना करून द्यायची आहे. भाईंदरच्या एका अडीचशे एकरांच्या मिठागराचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६१ साली त्याचा निकाल लागला. कारखाने कायद्याखालचा परवाना न घेता मिठागर चालवल्याबद्दल तो खटला होता. मिठागरवाल्याचे म्हणणे असे की, ही तर उघडी जमीन, इथे कामगारांच्या कच्च्या निवाऱ्यांपलीकडे इमारत नाही, पाणी सूर्य आटवतो, मग हा कारखाना कसा? न्यायालयाने ते मानले नाही. उघडी जमीनसुद्धा कारखान्याची जागा ठरू शकते आणि समुद्राच्या पाण्यापासून मजुरांच्या मेहनतीने मीठ करणे ही निर्मितीच आहे, असा निकाल दिला. म्हणजे डोक्यावर छप्पर नसले तरी मीठ कामगार हा कारखान्याचा कामगार. बाबासाहेबांनी मजूर खाते सांभाळत असताना १९४६ साली कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला, त्या तासांची सावली या निकालाने उघड्या मिठागरावरही पडली. १९४८ चा तो कारखाने कायदा आता नव्या कामगार संहितेत गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

मग हे रणातल्या अगरियाला का लागू होत नाही? कारण कारखाना ठरायला ठरावीक संख्येने कामगार लागतात, आणि अगरियाच्या वाफ्यावर नवरा, बायको, म्हातारा बाप आणि दोन पोरे. ते कामगार नव्हेत, ‘स्वतंत्र उत्पादक’! उचल व्यापाऱ्याची, भाव व्यापाऱ्याचा, जमीन सरकारची, आणि माणूस मात्र स्वतंत्र. अशा स्वातंत्र्याला चाटायचे काय? कामगार म्हणून कायदा नाही, शेतकरी म्हणून सात-बारा नाही, वनवासी म्हणून पुरावा नाही. तीनही रकान्यांत शून्य.

बांध कुणाचा, बोट कुणाकडे?

पर्यावरणाच्या नावाने अगरियाकडे बोट दाखवले जाते, म्हणून त्याचाही हिशेब व्हायला हवा. मिठाने निसर्गाचे काहीच बिघडत नाही असे आम्ही म्हणणार नाही. जमिनीखालचे खारे पाणी उपसून उपसून खोल जाते, डिझेलचे तेल मातीत सांडते, ट्रकांच्या चाकोऱ्या पडतात. मिठागराच्या शेजारच्या शेतात खारे पाणी झिरपले की पीक जाते, हे कोकणातल्या खारभूमीच्या शेतकऱ्याला विचारा. बांध एकदा फुटला की पुढची कित्येक वर्षे भात धड येत नाही.

परंतु रानगाढवांचे म्हणाल तर २०२४ च्या गणतीत ती ७,६७२ भरली. २०२० मध्ये ६,०८२ होती. अगरिया रणात असतानाच ती वाढली आहेत. खरे नुकसान पाहायचे तर खाडीच्या तोंडाशी जावे लागते. तिथे दहा एकरांचे नव्हे, शेकडो एकरांचे भाडेपट्टे आहेत आणि यंत्रांनी घातलेले बांध आहेत. भरतीचे पाणी ज्या वाटेने आत येते तीच वाट बांधाने अडवली की दोन गोष्टी होतात. पावसाळ्यात छोट्या रणाच्या मचूळ पाण्यात कोळंबी वाढते, त्यावर मियाणा मच्छीमारांची घरे चालतात. ती कोळंबी आत येतच नाही. आणि खारफुटी, ज्याला आपण तिवरे म्हणतो, ती पाण्याविना वाळून जाते.

कच्छमध्ये खाराई नावाचे उंट आहेत. ते भरतीच्या पाण्यात पोहत जाऊन तिवरांचा पाला खातात. जत आणि रबारी समाजाचे मालधारी ते पाळतात. भचाऊ तालुक्यात नानी चिराई आणि मोटी चिराई भागात मिठासाठी दिलेल्या जमिनीवर खाड्या अडवून तिवरांचा नाश झाला, तेव्हा या उंटपाळांच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०१९ साली लवादाने अडवलेल्या खाड्या मोकळ्या करण्याचा आणि तिवरे पुन्हा उभी करण्याचा आदेश दिला. म्हणजे उंट चारणाऱ्या माणसांनी संघटना केली, कागद जमवले, आणि निकाल मिळवला. आमच्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट ही आहे.

यात एक भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. मोठा बांध घालणाऱ्याकडे भाडेपट्ट्याचा कागद होता, आणि घोटाभर चिखलात उभ्या असलेल्याकडे नव्हता. म्हणून नोटीस दुसऱ्याला आधी पोहोचली.

आपल्या दारातले मिठागर

हे सारे गुजरातचे झाले, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणेल. तर मुंबईकडे या. इथली मिठागरे एकेक करून बंद पडत गेली. १९३० साली वडाळ्याच्या ज्या मिठागरावर सत्याग्रह झाला, तिथे आज काय आहे ते वडाळ्याच्या लोकांना ठाऊक आहे. २०२४ साली कांजूर, भांडुप आणि मुलुंड भागातली सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी राज्याकडे देण्याचा निर्णय झाला. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे नातेवाईक धारावीत आहेत. त्यांना पक्के घर मिळावे, याबद्दल आमच्या मनात तसूभरही शंका नाही. घर हा त्यांचा हक्क आहे.

पण त्यांनी दोन प्रश्न विचारून घ्यावेत. पहिला प्रश्न पाण्याचा. मिठागर म्हणजे सखल जमीन. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की ते पाणी काही काळ धरून ठेवते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुणाची घरे बुडाली हे आपण विसरलेलो नाही. ही जमीन भरून काढल्यावर ते पाणी जाणार कुठे, आपल्याच तळमजल्यात की शेजारच्या वस्तीत? दुसरा प्रश्न माणसांचा. ज्या मिठागरावर आपले घर उभे राहील तिथे हंगामभर राबणाऱ्या मजुरांची नावे कुठल्या रजिस्टरात आहेत? जमिनीचे एकर दशांशापर्यंत मोजले जातात, माणसे का मोजली जात नाहीत? एका गरिबाचे घर दुसऱ्या गरिबाच्या मजुरीवर उठू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

नाव लिहून घ्या

मिठावर बहिष्कार घाला असे आम्ही सांगत नाही. त्याने उपाशी राहील तो अगरियाच. मिठावरचा कर १९४७ साली गेला, पण मीठ पिकवणाऱ्याच्या पायावरची जखम भरली नाही. यावरून एक धडा घ्यावा. वस्तू स्वस्त झाली म्हणजे माणूस मोकळा झाला असे होत नाही. माणूस मोकळा होतो तो त्याच्या श्रमाची नोंद झाली म्हणजे.

म्हणून आमची विनंती कामाची आहे. आपल्या वस्तीत, नात्यात जे कुणी नाक्यावरच्या कामाला, बांधकामावर, वीटभट्टीवर, ऊसतोडीला, घरकामाला जातात, त्यांची नावे येत्या रविवारी विहारात बसून एका वहीत लिहून काढा. ई-श्रमची नोंदणी झाली आहे का, बांधकाम कामगाराचे कार्ड आहे का, हजेरीची चिठ्ठी मिळते का, उचल घेताना अंगठा कशावर उठवला, हे विचारा. शिकलेल्या पोरापोरींनी म्हाताऱ्यांचे अर्ज भरून द्यावेत. त्यासाठी एक पैसा लागत नाही, फक्त पेन आणि थोडा वेळ लागतो. प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि ती जपून ठेवा. पाऊणशे वर्षांनी कुणी पुरावा मागितला तर आपल्या नातवंडांकडे तो असला पाहिजे.

आणि पुन्हा कुणी ‘खाल्ल्या मिठाला जागा’ असे ऐकवले, तर त्याला एवढेच विचारा, की मीठ कुणी पिकवले होते, आणि त्याचे नाव कुठे लिहिले आहे?